पोप चुकतच नाहीत?

‘पोप कधीच चुकत नाहीत, अशी कॅथलिकांची श्रद्धा असते,’ हे वाक्य टीकाकार टोमणा म्हणून वापरतात आणि काही भाविक अभिमानाने. दोघांचंही चुकतंय.

पोपच्या अचूकतेचा हा सिद्धान्त व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, 18 जुलै 1870 रोजी मंजूर झाला. बाजूने 533 मतं, विरोधात 2. विरोध असलेले पन्नासहून अधिक बिशप मतदान टाळायला आधीच रोम सोडून निघून गेले होते. बाहेर वादळ, विजांचा कडकडाट; आत इतका अंधार दाटला, की पोपना मजकूर वाचायला मेणबत्ती आणावी लागली.

मजकुराची व्याप्ती मात्र अगदी अरुंद. श्रद्धा किंवा नीती यांविषयी, पदाच्या पूर्ण अधिकाराने, साऱ्या चर्चला बांधील ठरेल असा निर्णय पोपनी जाहीर केला, तरच तो अचूक मानायचा. 1870 नंतर असं निर्विवादपणे एकदाच घडलं, 1950 साली. विषय होता येशूची आई मरिया हिचं सदेह स्वर्गारोहण. प्रवचनं, मुलाखती, नेमणुका, पैशांचे व्यवहार यांपैकी काहीही यात बसत नाही. पोप पाप करत नाहीत, असं तर चर्चनेही कधी म्हटलेलं नाही. (सहाव्या अलेक्झांडर पोपना मुलं होती, हे जगजाहीर आहे.) पहिल्या होनोरियस पोपना तर मरणोत्तर, 681 मध्ये, धर्मपरिषदेनेच चुकीच्या शिकवणीबद्दल दोषी ठरवलं.

मग गडबड कुठे झाली? माझ्या मते कागदावर नाही, सवयीत. पोपपदाभोवतीचं वलय बिशप आणि धर्मगुरूंपर्यंत झिरपलं, ‘फादर असं कसं करतील?’ म्हणून तक्रारी दाबल्या गेल्या. 2018 मध्ये चिलीतल्या धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचार प्रकरणात पोप फ्रान्सिस यांनी ‘माझ्याकडून गंभीर चुका झाल्या’ अशी लेखी कबुली दिली.