सर्टिफिकेटवर ४० टक्के म्हणजे भरपाई पण ४० टक्के? नाही हो

अपघातात हाताची नस (म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) तुटली की घरचे सगळे त्या टक्क्यांच्याच मागे लागतात, म्हणे डॉक्टरने ४० टक्के अपंगत्व लिहिलं की कोर्ट कमाईचं नुकसान पण ४० टक्केच धरणार. हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि साफ चूक आहे. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच राज कुमार विरुद्ध अजय कुमार केसमध्ये सांगितलंय की डॉक्टरने शरीराचं कायमचं अपंगत्व किती ते सांगायचं, कमाई किती बुडाली ते ट्रिब्युनल, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट, ठरवणार. उदाहरण पण तिथेच दिलंय, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास १०० टक्के जाऊ शकते, सरकारी क्लार्कची नोकरी मात्र टिकू शकते.

आणि नुसता कागद लावून भागत नाही बरं का, उपचार केलेल्या किंवा तपासलेल्या डॉक्टरची साक्ष लागते, उलटतपासणीसकट. हे लोकांना कुणी आधी सांगतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

सर्जनला साक्षीत बरंच समजावून सांगावं लागतं. नस जोडली तरी ती दिवसाला साधारण १ मिलिमीटरच वाढते, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत जायला कित्येक महिने, म्हणून घाईघाईत काढलेले टक्के पुढे बदलू शकतात. शिवाय मीडियन नस, म्हणजे मनगटाच्या मधून तळहातात जाणारी, गेली तर अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना स्पर्शच कळत नाही, शिंप्याला सुई धरता येत नाही, आणि बाहेरून बघाल तर हात अगदी धडधाकट दिसतो.