युरियाची वाट: पेशीच्या पडद्यामागची गोष्ट

खानदेशात पेरण्या आटोपल्या की कृषी केंद्रापुढे युरियाच्या ४५ किलोच्या गोणीसाठी रांग लागते. हाच पदार्थ आपलं यकृत रात्रंदिवस बनवत असतं. १७७३ मध्ये रुएल या रसायनशास्त्रज्ञाने तो मूत्रातून वेगळा काढला, १८२८ मध्ये व्होलर या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत तयार केला, १९३२ मध्ये क्रेब्ज आणि हेन्सेलाइट या शास्त्रज्ञांनी यकृतात अमोनियापासून युरिया बनण्याचं चक्र उलगडलं. पण तो पेशीच्या पडद्यातून पार कसा होतो, हे फार काळ कुणी विचारलंच नाही. रेणू एवढासा, झिरपत असेल आपोआप, असंच धरून चाललं होतं.

धागा सापडला तो १९८२ मध्ये, एका चुकीच्या आकड्यातून. एका सामोअन रुग्णाच्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) यंत्राने भलत्याच जास्त दाखवल्या. त्या यंत्रात तांबड्या पेशी फोडायला युरियाचं तीव्र द्रावण वापरत. एरवी युरिया झपाट्याने आत शिरतो, मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगून फुटते. या गृहस्थाच्या पेशी फुटेचनात, आणि यंत्र त्यांनाच प्लेटलेट समजून मोजत बसलं. त्याच्या पेशींवर किड रक्तगटाच्या (ए-बी-ओसारखाच आणखी एक रक्तगट) दोन्ही खुणा, म्हणजे पेशीवरची ओळखीची प्रथिनं, नव्हत्या. हा रक्तगट १९५१ पासून माहीत होता, पण रक्त चढवताना त्रास देणारी बाब म्हणून. ती खूण म्हणजेच युरियाचं दार निघालं! १९९४ मध्ये त्या प्रथिनाचं जनुक हाती लागलं. आज त्याला यूटी-बी म्हणतात (यूटी म्हणजे युरिया ट्रान्सपोर्टर, युरिया वाहून नेणारं प्रथिन).

त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, हेडिगर या शास्त्रज्ञाच्या चमूने सशाच्या मूत्रपिंडातला आरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश वाहणारा रेणू) बेडकाच्या अंड्यांत सोडून पाहिला होता. अंडी भराभर युरिया आत घेऊ लागली, आणि यूटी-ए गटातलं पहिलं प्रथिन सापडलं. २००९ मध्ये एका जिवाणूतल्या अशाच प्रथिनाची रचना दिसली: तीन रेणू एकत्र, प्रत्येकात एक चिंचोळी वाट. ऊर्जा खर्च होत नाही. जिकडे युरिया कमी, तिकडे तो जातो.

जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा या वाटांचं मोल कळतं. पाणी कमी पडलं की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढतं, मूत्रपिंडातल्या यूटी-ए१ या प्रथिनाची वाट मोकळी होते आणि युरिया मूत्रपिंडाच्या आतल्या भागात साठतो. त्या जोरावर पाणी परत ओढलं जातं, लघवी गडद होते. यूटी-बी नसलेली माणसं तशी धडधाकट असतात, फक्त लघवी तितकी दाट करू शकत नाहीत.

धुळ्याकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या याहून हुशार. वाळल्या चाऱ्यात प्रथिनं कमी असतात, म्हणून रक्तातला युरिया त्या लाळेतून आणि पोटाच्या भिंतीतल्या यूटी-बीमधून पुन्हा पोटात आणतात. तिथले जिवाणू त्याच्यापासून प्रथिनं बनवतात, आणि मेंढी पुढे ते जिवाणूच पचवते.