ब्रेकिंग बॅड : अखेरच्या पर्वाविषयी चाहत्यांचे तर्क

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेचे पाचवे आणि शेवटचे पर्व १६ भागांचे. एएमसी वाहिनीने ते दोन तुकड्यांत दाखवले : आठ भाग २०१२ मध्ये, उरलेले आठ ११ ऑगस्ट ते २९ सप्टेंबर २०१३ या काळात. पहिली तुकडी संपते तेव्हा अमलीपदार्थविरोधी खात्यातला हँक श्रेडर साडूच्या घरी शौचालयात बसून पुस्तक चाळतो. आपण शोधतोय तो मेथ हा अमली पदार्थ बनवणारा ‘हायझेनबर्ग’ म्हणजे हाच साडू, रसायनशास्त्राचा माजी शिक्षक वॉल्टर व्हाइट, हे त्याला आतल्या हस्ताक्षरावरून उमगते. मधल्या जवळपास वर्षभरात चाहत्यांनी पुढच्या कथेचा यथेच्छ काथ्याकूट केला.

त्यासाठी मुख्य ऐवज होता पर्वाचे पहिलेच, भविष्यातली झलक दाखवणारे दृश्य. वॉल्टचे वाढलेले केस-दाढी, गाडीच्या डिकीत एम६० मशिनगन आणि ताटलीत बेकनचे तुकडे मोडून रचलेला ५२ हा आकडा. आज आपला वाढदिवस आहे हे वेट्रेसला पटवायला वॉल्ट न्यू हॅम्पशरचे ओळखपत्र दाखवतो, त्यावर नाव लॅम्बर्ट. हे त्याची बायको स्कायलरचे माहेरचे आडनाव. बेकनचा आकडा रचण्याची सवयही तिचीच. वॉल्ट ज्यांना मारतो त्यांच्या लकबी उचलतो, हे प्रेक्षकांनी आधीच हेरले होते : त्याने मारलेला अमली पदार्थांचा बडा व्यापारी गस फ्रिंग उलटी करताना गुडघ्याखाली टॉवेल घालतो, पुढे वॉल्टही तेच करतो. मग सवय स्कायलरची, आडनावही तिचे, म्हणजे ती मरणार, असा निष्कर्ष निघाला. पुरावा भक्कम, तर्क बिनतोड. स्कायलर मात्र शेवटपर्यंत जिवंत राहिली. लकबींचे निरीक्षण खरेच होते. चूक झाली ती त्याचा नियम करून तो भविष्याला लावण्यात.

भागांच्या शीर्षकांची चिरफाड करण्याची खोड मात्र मालिकेनेच लावली. दुसऱ्या पर्वातील चार शीर्षके ओळीने वाचली की ‘सेव्हन थर्टी-सेव्हन डाउन ओव्हर एबीक्यू’ (एबीक्यू म्हणजे अल्बुकर्की शहर; तिथे ७३७ विमान कोसळले) असे वाक्य तयार होते आणि पर्वाच्या शेवटी अल्बुकर्कीवर खरोखरच विमानांची टक्कर होते. त्यामुळे ‘फेलिना’ या अंतिम भागाचे नाव कळताच लोकांनी त्याचे मूलद्रव्यांच्या चिन्हांत (Fe, Li, Na) तुकडे पाडले : लोह, लिथियम, सोडियम, अर्थात रक्त, मेथ आणि अश्रू. कल्पना देखणी आहे, पण रसायनशास्त्राच्या कसोटीवर लंगडी : वॉल्टच्या प्रसिद्ध निळ्या मालाच्या कृतीत लिथियम लागतच नाही. ‘फिनाले’ (Finale, म्हणजे अखेरचा भाग) या इंग्रजी शब्दाची अक्षरे फिरवली की हेच नाव मिळते, शिवाय मार्टी रॉबिन्सच्या ‘एल पासो’ गाण्यातल्या तरुणीचे नाव उच्चाराने तेच. आणि ते गाणे या भागात वाजतेही.

बंदूक कुणासाठी आणि वॉल्टने घरातल्या विजेच्या सॉकेटमागे लपवलेले रायसिन हे विष कुणाला, या दोन प्रश्नांवर सर्वाधिक पैजा लागल्या. उत्तर असे : गॅरेजचे दार उघडणाऱ्या मोटरवर बसवलेली बंदूक जॅकच्या नव-नाझी टोळीसाठी, तर रायसिन वॉल्टच्या धंद्यातल्या भागीदार लिडियाच्या चहातल्या स्टीव्हिया या गोडीत. गंमत म्हणजे डिकीचे दृश्य चित्रित झाले तेव्हा बंदुकीचे पुढे काय करायचे, हे निर्माता व्हिन्स गिलिगन आणि त्याच्या लेखकांनाही ठरवता आले नव्हते. त्या दृश्यातून टोळीचे नाव हुडकणे म्हणूनच अशक्य होते. निर्मात्याला सगळे आधीपासून ठाऊक असते, हे बहुतेक फसलेल्या तर्कांचे गृहीतक असते.

अंतिम भाग अमेरिकेत १ कोटीहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. सगळे इतके सुरळीत जुळले की वॉल्ट भागाच्या सुरुवातीच्या बर्फाळलेल्या गाडीतच मेला आणि पुढचे सारे त्याचे मरणस्वप्न, असाही मतप्रवाह निघाला. गिलिगनने तो फेटाळला : वॉल्टचा जुना साथीदार जेसी याचे नव-नाझींच्या कैदेत असणे यांसारख्या गोष्टी वॉल्टला माहीतच नव्हत्या, मग त्या स्वप्नात कुठून येणार? याच भागात वॉल्ट मनगटावरचे घड्याळ काढून टेलिफोनवर ठेवून देतो. जेसीने दिलेली ही भेट त्यागून तो जुने नाते तोडतो, असे अर्थ लावले गेले. मूळ कारण तांत्रिक होते. आधी चित्रित झालेल्या उपाहारगृहाच्या दृश्यात त्याच्या हातात घड्याळ नव्हते, त्यामुळे तिथे पोहोचण्यापूर्वी ते उतरवणे भागच होते.