लोकॉस्ट

लोकॉस्ट : जुन्या मोटारीचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टिअरिंग व ब्रेक काढून घेऊन ते घरी वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवून तयार होणारी दोन आसनांची, बिनछपराची हलकी क्रीडा मोटार. जिचे भाग काढले जातात तिला डोनर गाडी म्हणतात. बाह्यरूप ब्रिटनमधील ‘लोटस सेव्हन’ (१९५७) या गाडीचे असते : लांब बॉनेट, चाकांवर सुटी मडगार्डे, दारे नाहीत, ड्रायव्हर जवळजवळ मागच्या ॲक्सलवर बसलेला. ही कोणा एका कारखान्याची गाडी नव्हे. एका सर्वसाधारण आराखड्यावर अनेकांनी आपापल्या घरी बांधलेल्या गाड्यांचे हे सामाईक नाव असून त्यांतल्या दोन गाड्या तंतोतंत सारख्या सापडणे कठीण.

उगम : लोकॉस्टचा उगम १९९६ मध्ये सांगण्याची रीत आहे. त्या वर्षी ब्रिटनमधील हेन्स या प्रकाशनसंस्थेने रॉन चॅम्पियन या शिक्षकांचे मार्गदर्शक पुस्तक काढले. अडीचशे पौंडांत क्रीडा मोटार बांधता येते, हा दावा त्याच्या शीर्षकातच होता. नळ्यांची लांबी, कापण्याचे कोन आणि डोनर गाडीचे भाग यांची सविस्तर माहिती सामान्य वाचकाच्या हाती एका ठिकाणी आली ती या पुस्तकामुळे. आजही बांधणारे मूळ मापांच्या सांगाड्याला ‘पुस्तकी चासी’ म्हणतात. मात्र १९९६ हे वर्ष नावाच्या व आराखड्याच्या प्रसाराचे आहे. प्रथा त्याहून बरीच जुनी आहे आणि ती किती मागे न्यावी याविषयी लेखकांत एकमत नाही.

एका मतानुसार लोकॉस्ट ही लोटस सेव्हनची स्वस्त नक्कल होय. या मताला रूपसाम्याचा भक्कम आधार आहे. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी सेव्हन १९५७ मध्ये बाजारात आणली. तिचा पाया म्हणजे त्यांचीच आधीची मार्क सिक्स (सुमारे १९५२). ‘सात’ हा क्रमांक आठ, नऊ, दहा आणि ‘इलेव्हन’ या गाड्यांनंतर का वापरला गेला, याचे उत्तर बहुधा असे : तो १९५२ च्या सुमारास रायली इंजिनाच्या एका शर्यतगाडीसाठी राखून ठेवला होता, ती गाडी लोटसच्या नावाने पुरी झाली नाही आणि क्रमांक मोकळा राहिला. सेव्हन सुट्या भागांचा संच म्हणूनही विकली जाई. ब्रिटनमधील तत्कालीन खरेदीकर जोडलेल्या गाडीवर लागे, संचावर लागत नसे. संचासोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई असल्याने लोटसने ‘गाडी कशी सुटी करावी’ याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकांनी त्या उलट्या क्रमाने वाचल्या, अशी हकीकत बहुतेक ग्रंथांत आढळते. ती जरा जास्तच घोटीव वाटते, तरी करसवलतीचा भाग निर्विवाद आहे. एप्रिल १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर लागू झाल्यावर ती सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क सरे परगण्यातील केटरहॅम कार्स या विक्रेत्यांकडे गेले. १९८० च्या दशकात वेस्टफील्ड या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या याच धर्तीच्या गाडीवरून केटरहॅमने कायदेशीर कारवाई केली. तडजोडीअंती वेस्टफील्डला आपल्या गाडीची रचना बदलावी लागली. सेव्हनचे रूप ही मालकीची वस्तू आहे, हे त्यातून पुढे आले. घरी एकेक बांधणाऱ्यांना मात्र या वादाची झळ फारशी लागली नाही.

दुसरे मत लोकॉस्टला ‘स्पेशल’ गाड्यांच्या परंपरेत बसवते. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमध्ये ऑस्टिन सेव्हन या छोट्या, स्वस्त मोटारीच्या चासीवरून मूळ बॉडी उतरवून हलकी बॉडी चढवण्याचा छंद पसरला होता. याच हौशी मंडळींचा ‘७५० मोटर क्लब’ १९३९ मध्ये निघाला. महायुद्धानंतर नव्या गाड्या दुर्मिळ झाल्या आणि भंगारात जुन्या ऑस्टिन व फोर्ड मुबलक होत्या, तेव्हा हा छंद आणखी वाढला. चॅपमन स्वतः याच वर्तुळातले. त्यांची पहिली गाडी १९४० च्या दशकाच्या अखेरीस एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधलेली होती. मार्क सिक्सचा ग्राहकही लोटसकडून सांगाडा घेई आणि इंजिन, ॲक्सल वगैरे भाग जुन्या फोर्डमधून मिळवी. म्हणजे डोनर गाडीची कल्पना लोटस सेव्हनच्याही आधीची असून लोटस सेव्हन हा तिचाच कारखान्यातून बाहेर पडलेला फाटा ठरतो. नव्वदच्या दशकातील लोकॉस्टवाल्यांनी सेव्हनकडून रूप घेतले आणि पद्धत मात्र स्पेशलवाल्यांचीच चालवली. पहिल्या मतापेक्षा हे मत वस्तुस्थितीला अधिक धरून दिसते. अमेरिकेतील ‘हॉट रॉड’ (जुन्या गाड्यांत फेरफार करून त्या वेगवान करण्याच्या) परंपरेशीही लोकॉस्टचा संबंध जोडला जातो, पण तेथे भर वजन घटवण्यापेक्षा इंजिनाची ताकद वाढवण्यावर असल्याने तो संबंध दूरचा मानावा.

सांगाडा : मूळ आराखड्यात २५ मिमी. बाजूची, सुमारे १.६ मिमी. जाडीच्या पत्र्याची चौकोनी माइल्ड स्टील नळी वापरली आहे. सपाट फळीवर पूर्ण मापाचा नकाशा काढतात, त्यावर लाकडी ठोकळे स्क्रूने बसवतात आणि कापलेल्या नळ्या त्यांत अडकवून आधी वेल्डिंगचे छोटे, तात्पुरते टाके मारतात. पूर्ण वेल्डिंग सर्व टाके मारून झाल्यावरच, तेही आळीपाळीने समोरासमोरच्या सांध्यांवर. एका बाजूचे सांधे सलग भरले तर उष्णतेने सांगाडा पिळतो आणि मग चारही चाके जमिनीला सारखी टेकत नाहीत. हौशी माणसाला हाताशी धरायला सोपे म्हणून मिग वेल्डिंग (सतत पुढे सरकणाऱ्या तारेने विद्युत् ठिणगीवर केलेले) सर्वांत प्रचलित आहे.

या सांगाड्याला सर्रास ‘स्पेसफ्रेम’ (त्रिकोणांत जोडलेल्या नळ्यांचा त्रिमितीय सांगाडा) म्हटले जाते, पण काटेकोर अर्थाने तो तसा नाही. खऱ्या स्पेसफ्रेममध्ये प्रत्येक नळीवर फक्त ताण किंवा दाब यावा, वाक येऊ नये, म्हणून नळ्यांचे मध्याक्ष एका बिंदूत मिळावे लागतात आणि प्रत्येक चौकट कर्णनळीने त्रिकोणांत विभागावी लागते. लोकॉस्टमध्ये इंजिन वरून आत सोडायचे असते आणि माणसेही वरूनच बसतात, त्यामुळे सर्वांत मोठ्या दोन चौकटी उघड्याच राहतात. पिळाला होणारा विरोध मग प्रोपेलर शाफ्टवरचा (इंजिनाची चाल मागच्या ॲक्सलला देणाऱ्या दांड्यावरचा) मधला बोगदा, तळाचा पत्रा आणि बाजूंना रिव्हेट मारून चिकटवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्याकडून काही प्रमाणात येतो. पुढच्या काळात बांधणाऱ्यांनी संगणकीय विश्लेषण करून मूळ आराखड्यात जादा कर्णनळ्या सुचवल्या. इंजिनकक्षातील कर्णनळ्यांचा उपयोग मोठा व वजन किरकोळ असल्याने त्या घालण्याकडे सर्वसाधारण कल आहे. मूळ सांगाडा आजच्या उंच, रुंद माणसाला अरुंद पडतो म्हणून लांबी-रुंदी वाढवलेले आराखडेही निघाले.

नाकाडाचा भाग आणि मडगार्डे फायबरग्लासची असून ती बहुधा विकतच घेतात.

डोनर गाडी व सस्पेन्शन : लोकॉस्टची बहुतेक मापे डोनर गाडी ठरवते. मूळ आराखडा फोर्ड एस्कॉर्ट मार्क टू (साधारण १९७५–८०) डोळ्यांपुढे ठेवून केला होता. पुढे उभे बसवलेले इंजिन, चाल मागच्या चाकांना, अरुंद अखंड ॲक्सल आणि दाते-पट्टीचे हलके स्टिअरिंग या चार गोष्टी तिच्यात एकत्र मिळत. अडचण पुढच्या सस्पेन्शनची होती. एस्कॉर्टला मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग व धक्काशोषक एकत्र असलेले उभे खांब) आहेत आणि लोकॉस्टच्या खालच्या बॉनेटखाली इतका उंच स्ट्रट मावत नाही. म्हणून चाकाचा हब धरणारा भाग, म्हणजे अपराइट, फोर्ड कॉर्टिनाच्या तिसऱ्या ते पाचव्या पिढीतून (१९७०–८२) घेतात आणि त्याला घरी केलेले वरचे-खालचे विशबोन (चाक सांगाड्याला जोडणारे दुहेरी टोकांचे आडवे दांडे) जोडतात. वरच्या विशबोनच्या टोकाला फोर्ड ट्रान्झिट व्हॅनच्या स्टिअरिंग-दांड्याचा आटे असलेला सांधा बसवतात. तो कमीजास्त फिरवला की चाकाचा कलही जुळवता येतो. ‘एकच डोनर गाडी’ हे वर्णन म्हणूनच पूर्णपणे खरे नाही. पुस्तकी लोकॉस्टमध्येही किमान तीन गाड्यांचे अवयव असतात. मागे एस्कॉर्टच्या कमानपट्ट्या (पट्टी-स्प्रिंगा) काढून टाकतात आणि ॲक्सल चार लांब दांड्यांनी पुढेमागे व एका आडव्या पॅनहार्ड दांड्याने बाजूंना धरून ठेवतात.

रॅलीच्या हौशी मंडळींमुळे मार्क टू एस्कॉर्टच्या किमती वाढत गेल्या आणि भंगारातली म्हणून निवडलेली गाडी संग्राह्य ठरली. तेव्हा बांधणारे फोर्ड सिएराकडे (१९८२–९३) वळले. तिच्यात पाच गिअरचा बॉक्स व मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळते, पण त्यासाठी सांगाड्याचा मागचा भाग नव्याने आखावा लागतो. सिएराचा पुढचा अपराइटही मुळात स्ट्रटसाठीच असल्याने त्याच्या वरच्या भोकात खरादावर केलेला जोडतुकडा बसवावा लागतो. सिएरावर आधारलेला नवा आराखडा त्याच प्रकाशनसंस्थेने २००७ मध्ये पुस्तकरूपाने काढला. अलीकडे माझदा एमएक्स-फाइव्ह ही डोनर म्हणून पसंत केली जाते, कारण तिला चारही चाकांना दुहेरी विशबोन आहेत. इंजिन आडवे आणि चाल पुढच्या चाकांना असलेल्या गाड्या या रचनेत थेट चालत नाहीत. मोटारसायकलचे इंजिन बसवलेल्या लोकॉस्ट फार हलक्या होतात, मात्र उलटा गिअर मुळात नसल्याने त्याची सोय वेगळी करावी लागते.

वजन व खर्च : रस्त्यावर उतरलेल्या लोकॉस्टचे वजन साधारणतः ५५० ते ६५० किग्रॅ. असते. डोनर एस्कॉर्ट याच्या दीडपट तरी भरते. सुमारे ८४ अश्वशक्तीचे १६०० घ.सेंमी.चे इंजिन यामुळेच येथे जोमदार वाटते. ब्रेकही मोठ्या गाडीचे असल्याने पुरेसे असतात. अडीचशे पौंडांचा आकडा अनेकांनी थट्टेवारी नेला. तो १९९६ च्या किमतींचा होता, रस्त्यायोग्यतेच्या तपासणीत नापास झालेली डोनर गाडी कवडीमोलाने मिळेल असे गृहीत धरणारा होता आणि तिचे उरलेले भाग विकून येणारे पैसे वजा केल्यावरचा होता. टायर, रंग व नोंदणी यांवरच बहुतेकांचा त्याहून अधिक खर्च होतो. तरीही आकडा अशक्य होता, असे म्हणता येत नाही.

नोंदणी व शर्यती : ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाड्यांसाठी एकेका वाहनाची तपासणी १९९८ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये तिची जागा अधिक कडक ‘आयव्हीए’ (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल) तपासणीने घेतली. सीटबेल्टच्या खुंट्या, ब्रेक, धूर, दिवे यांबरोबर बाहेर आलेल्या प्रत्येक कडेची गोलाई मोजली जाते. उघडी चाके व उघडे सस्पेन्शन असलेल्या लोकॉस्टला ही शेवटची अट सर्वांत जाचक ठरते. डोनरचे किमान दोन मुख्य भाग वापरल्याचे सिद्ध झाले तर डोनरच्या वयानुसार क्रमांक मिळतो, अन्यथा वय अनिश्चित असल्याचे दाखवणारा ‘क्यू’ अक्षराचा. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्येही एकेकट्या बांधलेल्या गाडीला मान्यता देण्याची स्वतंत्र पद्धत आहे. ७५० मोटर क्लबने नव्वदच्या दशकाच्या अखेरीच्या सुमारास खास लोकॉस्टसाठी शर्यतींची मालिका सुरू केली. खर्च आटोक्यात राहावा म्हणून तीत १३०० घ.सेंमी.चे फोर्ड इंजिन ठरवून दिले होते.

भारत : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात मूलभूत बदल केलेले वाहन रस्त्यावर चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. नव्या नमुन्याला पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्थांची चाचणी लागते आणि ती व्यवस्था उत्पादकांसाठी आखलेली आहे. त्यामुळे येथे हा छंद रस्त्याऐवजी शर्यतीच्या धावपट्टीवर वाढला. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे ७९६ घ.सेंमी.चे इंजिन घेऊन नळ्यांच्या सांगाड्याच्या एकआसनी शर्यतगाड्या तयार केल्या. त्यांचे रूप सेव्हनचे नसले तरी, चालू बाजारातील गाडीचे भाग व हलका सांगाडा हे तत्त्व तेच आहे. सेव्हनच्या रूपाच्या अधिक जवळची गाडी महाराष्ट्रात झाली : अलिबागजवळ कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सच्या ‘रोडस्टर’मध्ये ॲम्बॅसडरला येणारे १८०० घ.सेंमी.चे इसुझू इंजिन वापरले गेले. मागच्या चाकांना चाल असलेल्या ॲम्बॅसडर, पद्मिनी, काँटेसा या जुन्या भारतीय गाड्या डोनर म्हणून रचनेने सोयीच्या आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ‘बाहा’ व ‘सुप्रा’ या गाड्या बांधण्याच्या स्पर्धांसाठी विद्यार्थी असेच नळ्यांचे सांगाडे वेल्ड करतात, मात्र त्या गाड्या स्पर्धेपुरत्याच असतात.