पन्नास टक्के आवाज म्हणजे नेमका किती?

लिनक्सवर आवाज कमी-जास्त करणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, तासाभरात लिहून होते; पण तीच स्क्रिप्ट दुसऱ्या संगणकावर नेली की कधी काहीच घडत नाही, तर कधी तेवढ्याच टक्क्यांना आवाज भलताच क्षीण येतो. साउंड कार्डाशी थेट बोलणारी ‘अल्सा’ ही प्रणाली २००२ मध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, विकासशाखेत आली, निरनिराळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळणारा ‘पल्सऑडिओ’ २००७ मध्ये फेडोरा ८ या लिनक्सच्या एका वितरणाने स्वीकारला आणि २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने त्याच्या जागी आवाज आणि चित्र दोन्ही हाताळणारा ‘पाइपवायर’ आणला. अल्सा मात्र या दोघांच्याही खाली आजतागायत काम करते आहे.

म्हणून कोणती आज्ञा उपलब्ध आहे यापेक्षा आवाज या घडीला कोणाच्या ताब्यात आहे, हे स्क्रिप्टने आधी विचारावे. उबुंटू २२.०४ या दुसऱ्या वितरणामध्ये पाइपवायर चालू असतो, पण तो चित्रासाठी. आवाज पल्सऑडिओच सांभाळतो. माझ्या मते सुरुवात पल्सऑडिओच्या ‘पीएसीटीएल इन्फो’ (pactl info) या आज्ञेने करावी, कारण पाइपवायरही सहसा पल्सऑडिओची भाषा समजतो. उत्तर आले नाही, तरच अल्साच्या ‘एमिक्सर’ (amixer) या आज्ञेकडे वळावे.

खरी मेख पुढे आहे, ती टक्क्यांची. आपला कान ध्वनीची तीव्रता पटींमध्ये जोखतो, त्यामुळे पल्सऑडिओ टक्केवारीचा घन करतो: ५० टक्के म्हणजे अर्ध्याचा घन, अर्थात लहरीची उंची एक अष्टमांश, म्हणजेच सुमारे १८ डेसिबलची घट. एमिक्सर मात्र कार्डाच्या पायऱ्या मोजतो. अनेक लॅपटॉपांच्या कार्डांत ० ते ८७ अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी पाऊण डेसिबलची असते. तिथे ५० टक्के म्हणजे ४४ वी पायरी, आणि घट सव्वाबत्तीस डेसिबल. लहरीची उंची एवढ्याने चाळिसाव्या हिश्शाच्या आसपास येते. एमिक्सरला ‘उणे एम’ (-M) हा पर्याय दिला, तर तोही कानाला जुळणारे माप वापरतो आणि दोन्हींमधली दरी बरीच मिटते. हे एक अक्षर स्क्रिप्टमध्ये असलेच पाहिजे.

शेवटचा मुद्दा कमाल मर्यादेचा. पीएसीटीएल १०० टक्क्यांवर थांबत नाही. त्यापुढे ध्वनिलहरीचे आकडेच वाढवले जातात, लहरींचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. त्यामुळे पाच टक्के वाढवण्यापूर्वी सध्याचा आकडा वाचून बेरीज शंभराच्या वर जाते का, हे स्क्रिप्टनेच तपासावे लागते.