पार्श्वभूमी : राजेश खन्ना, पंधरा की सतरा?

राजेश खन्नांचा विषय निघाला की सलग हिट चित्रपटांचा आकडा येतोच. कुणी १५ सांगतं, कुणी १७. काळ एकच, १९६९ ते १९७१. मग दोनाचा फरक आला कुठून?

१५ मोजणारे फक्त ते एकटेच नायक असलेले चित्रपट धरतात. १७ वाले त्यात 'मर्यादा' आणि 'अंदाज' मिळवतात. 'मर्यादा'त दुसरा तोलामोलाचा नायक होता. 'अंदाज'चा नायक तर दुसराच. खन्नांच्या वाट्याला फक्त नायिकेच्या आठवणींतला भाग आला. पण मोटारसायकलवरचं ते एक गाणं गाजलं आणि चित्रपट लोकांच्या लेखी खन्नांचाच झाला. 'एकटा नायक' ही अट काटेकोर लावायची, तर 'खामोशी'चं काय करणार? ती कथा मुळात परिचारिकेची. 'आनंद'मधला डॉक्टरही पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत आहे, पण तो नट तेव्हा नवखा म्हणून त्याला कुणी दुसरा नायक मानत नाही.

त्यात 'हिट' म्हणजे काय, हेही पक्कं नव्हतं. जाहिरातीत रौप्यमहोत्सव झळकायचा, म्हणजे चित्रपट कुठल्यातरी थिएटरात २५ आठवडे टिकला. वितरकाची वही मात्र विभागवार चालायची. मुंबईत कमावलेला पैसा दुसऱ्या विभागातल्या वितरकाच्या कामाचा नसे. या वह्या एकत्र करून कुणी अधिकृत मोजदाद केली नाही. त्यामुळे दोन्ही आकडे आजही छापून येतात. १५ चा आकडा अधिक सरळ वाटतो. अर्थात तीन वर्षांत १५ हेही काही थोडंथोडकं नव्हे!

या लाटेची सुरुवात १९६९ च्या 'आराधना'पासून. त्यातली त्यांच्यावरची दोन गाणी रफींच्या आवाजात, तीन किशोरकुमारांच्या. पुढे किशोरकुमार हाच खन्नांचा आवाज ठरला. मान तिरकी करून डोळे मिटण्याची ती लकब त्या आवाजाशिवाय इतकी चालली असती, असं वाटत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या 'इत्तफाक'मध्ये एकही गाणं नव्हतं.

त्याआधीचं थोडक्यात. १९४२ मध्ये अमृतसरला जन्म, नाव जतीन. नातेवाइकांनी दत्तक घेतलं आणि बालपण गेलं गिरगावात, ठाकूरद्वारला. १९६५ ची नवोदितांची स्पर्धा जिंकली, १९६६ मध्ये 'आखरी खत' आला. 'काका' हे घरचं नाव. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा, आपल्याकडे वडिलांचा भाऊ. 'ऊपर आका, नीचे काका' ही म्हण ऐकताना मराठी माणूस म्हणूनच क्षणभर अडखळतो.

१९७३ नंतर पडदा रागीट तरुणाचा झाला. खन्ना कामं करत राहिले, पण पूर्वीची गर्दी परतली नाही. १९९१ मध्ये नवी दिल्लीतून लोकसभेला उभे राहिले आणि विरोधी पक्षाच्या बड्या नेत्याकडून अवघ्या १,५८९ मतांनी हरले. त्या नेत्याने दुसरा मतदारसंघ राखला, म्हणून १९९२ मध्ये पोटनिवडणूक झाली. तीत समोरचा उमेदवारही सिनेनटच. खन्ना जिंकले आणि १९९६ पर्यंत खासदार होते.

१८ जुलै २०१२ ला ते गेले. त्या दिवसापासून चर्चा चित्रपटांपेक्षा कार्टर रोडवरच्या 'आशीर्वाद'चीच जास्त झाली. हा बंगला त्यांनी आधीच्या पिढीतल्या एका नायकाकडून घेतलेला; तेव्हा त्याचं नाव होतं 'डिंपल', त्या नायकाच्या मुलीवरून. खन्नांचं लग्न पुढे ज्या अभिनेत्रीशी झालं, तिचंही नाव तेच. मृत्यूनंतर इस्टेटीवरून वाद कोर्टात गेले. २०१३ मध्ये मरणोत्तर पद्मभूषण आलं, टपाल तिकीटही निघालं. बंगल्याचं संग्रहालय व्हावं, अशी त्यांची इच्छा असल्याचं सांगितलं जात होतं. २०१४ मध्ये तो विकला गेला आणि २०१६ मध्ये पाडला.