कमी वेगात इंजिन हेलकावे का खाते?

कार्बुरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या जुन्या मोटारींची एक तक्रार वारंवार ऐकू येते. रस्ता सपाट असतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय स्थिर असतो, गाडी ताशी ४०-५० किलोमीटरने चाललेली असते, आणि तरीही इंजिनाचा जोर आपोआप वाढतो, ओसरतो, पुन्हा वाढतो. पेडल थोडे अधिक दाबले की हा प्रकार थांबतो आणि पाय सैल सोडला की परत सुरू होतो. अशा वेळी बहुतेक जण आधी कार्बुरेटरचे स्क्रू फिरवू लागतात, आणि त्यामुळे मूळ दोष कुठे होता हे कळण्याची सोय उरत नाही. दोष कोणत्या वेगाला दिसतो आणि कशाने नाहीसा होतो, हे नीट पाहिले तर काहीही उघडण्याआधीच निदान निम्म्याहून अधिक झालेले असते.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. सर्वाधिक ताकद याहून थोड्या अधिक पेट्रोलवर, म्हणजे १२.५ ते १३ भाग हवेच्या आसपास मिळते. उलट दिशेने गेल्यास, १७-१८ भागांच्या पुढे साध्या इंजिनात ठिणगी पडूनही ज्योत नीट पसरत नाही. एक स्फोट जोरदार, पुढचा मंद, तर एखादा होतच नाही. कमी वेगातले हेलकावे बहुधा या सीमारेषेवर जन्मतात.

पण पेट्रोल कमी पडले तर इंजिन नुसतेच अशक्त व्हायला हवे, ते वर-खाली का व्हावे? याचे उत्तर मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बुरेटरपासून सिलिंडरपर्यंत मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतींवर आहे. कार्बुरेटरमधून निघालेले सगळे पेट्रोल वाफ होऊन सिलिंडरपर्यंत जात नाही. त्याचा काही भाग पातळ थराच्या रूपाने भिंतींवर साचतो. इंजिनाचा वेग घसरला की मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम कमी होतो, अधिक पेट्रोल भिंतींवर बसते आणि आधीच कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, मिश्रण आणखी कोरडे होते. थर पुरेसा जाड झाला की ते पेट्रोल सिलिंडरकडे सरकू लागते, जोर येतो, वेग वाढतो, व्हॅक्यूम वाढतो, थराची वाफ होते आणि काही क्षण मिश्रण समृद्ध, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, बनते. थर संपला की पुन्हा घसरण. मिश्रण मुबलक असते तेव्हा एवढ्या चढउताराने ताकदीत फारसा फरक पडत नाही. ते सीमेवर असते तेव्हा मात्र प्रत्येक बदल जाणवतो. परिणाम कारणाच्या मागून उशिरा आला की यंत्र डोलू लागते, ही गोष्ट वाफेच्या इंजिनांचा वेग राखणाऱ्या गव्हर्नरवरही ओळखीची होती. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये तिचे गणित मांडले.

आता कमी वेगातच असे का होते, ते पाहू. कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात वाहते तेव्हा तिथला दाब घटतो आणि मुख्य जेटमधून (मोजून पाडलेल्या छिद्रातून) पेट्रोल ओढले जाते. थ्रॉटलची, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या झडपेची, चकती जेमतेम उघडलेली असताना ही ओढ पुरेशी नसते. तेव्हा इंजिन आयडल (पेडल न दाबता मंद चालण्याच्या) जेटवर जगते: चकतीखालचा तीव्र व्हॅक्यूम एका बारीक छिद्रातून पेट्रोल खेचतो, आणि चकती किंचित उघडताच तिच्या कडेजवळची आणखी दोन-तीन छिद्रे त्या व्हॅक्यूमच्या टप्प्यात येतात. संथ गतीने चालणारी गाडी बराचसा काळ याच छिद्रांवर चालते. म्हणून ‘आयडलिंग ठीक आहे, वेगातही ठीक आहे, फक्त मधेच बिघडते’ असे वर्णन ऐकले की बोट या संक्रमणाच्या छिद्रांकडे आणि त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या जेटकडे जाते.

निदानाची सर्वांत उपयुक्त चाचणी फुकटची आहे. इंजिन पूर्ण तापलेले असताना, हेलकावे चालू असताना, हाताने ओढायचा चोक थोडासा ओढावा. हवेची वाट आवळल्याने पेट्रोलचे प्रमाण वाढते. हेलकावे लगेच थांबले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते हे सिद्ध झाले. इंजिन आणखी गुदमरले, तर मिश्रण आधीच समृद्ध आहे. आणि काहीच फरक पडला नाही, तर इग्निशनकडे, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेकडे, वळावे. या एका चाचणीने अनेक नवे सुटे भाग घेण्याची वेळ टळते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेट्रोल कमी पडण्याचे दोन अर्थ होतात: एकतर पेट्रोल खरोखर कमी येते, किंवा हवा जास्त शिरते. दुसरी शक्यता आधी तपासावी. थ्रॉटलच्या खाली कुठेही फट असेल, तर तिथून येणारी हवा कार्बुरेटरने मोजलेली नसते. कार्बुरेटरने १४ भाग हवेला १ भाग पेट्रोल दिले आणि चोरट्या वाटेने २० टक्के हवा वाढली, तर प्रमाण १६.८ होते, म्हणजे इंजिन सीमेवर येऊन टेकले. थ्रॉटल उघडून मूळ हवा दहापट केली, तर फटीतली तेवढीच हवा जेमतेम २ टक्के भरते आणि प्रमाण १४.३ च्या आतच राहते. पेडल दाबताच दोष लपतो, तो यामुळे. शिवाय आयडलिंगला मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो, आणि एवढ्या फरकाला फटीच्या सर्वांत अरुंद जागी हवेचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत पोहोचतो. फुसफुस आवाज ऐकू येतो तो उगाच नव्हे.

फटी कुठे शोधाव्यात? कार्बुरेटरखालचे गास्केट, मॅनिफोल्ड व सिलिंडर हेडमधला सांधा, कडक होऊन तडकलेले रबरी पाइप, ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसची वाफ मॅनिफोल्डकडे नेणारा आणि उघडाच अडकलेला व्हॉल्व्ह. पाइप एकेक करून चिमटीत दाबून बंद केल्यास दोषी पाइप सापडतो. सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारून इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐकावे; ज्वालाग्राही द्रव तापलेल्या एक्झॉस्टजवळ मारण्याची अनेकांची पद्धत मला धोक्याची वाटते. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे थ्रॉटलच्या दांड्याची बुशिंग, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी. ८ मिलिमीटर जाडीच्या दांड्याभोवती सगळीकडून ०.१ मिलिमीटर झीज झाली, तर दोन्ही टोकांच्या फटींचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ५ चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे मॅनिफोल्डला अडीच मिलिमीटर व्यासाचे भोक पाडल्यासारखेच. असा दांडा बोटांनी हलवून पाहिला तरी खडखडतो, आणि नवी गास्केट टाकून तो दोष जात नाही.

हवा शिरत नसेल, तर आयडल जेट बाहेर काढून उजेडासमोर धरावा. त्याचे छिद्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि पेट्रोल सुकून राहिलेल्या राळेचा पुसट थरही त्याला पुरतो. ते जेट-क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करावे, तारेने कधीही नाही, कारण ०.५० मिलिमीटरचे छिद्र खरवडून ०.५५ झाले, तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. त्याचबरोबर फ्लोटची (कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोलची उंची राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी मोजावी, कारण ती खाली असल्यास पेट्रोल वर ओढायलाच अधिक व्हॅक्यूम खर्ची पडतो.

कार्बुरेटरच्या बहुतेक तक्रारी इग्निशनमध्ये निघतात, असे जुने मेकॅनिक म्हणतात. हे निम्मे खरे आहे. कोरडे मिश्रण सावकाश जळते, म्हणून हलक्या भाराला ठिणगी लवकर पडावी लागते आणि ठिणगी सिलिंडरांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवरची व्हॅक्यूमची डबी ते काम करते. तिचा पडदा फाटला, तर ठिणगी उशिरा पडते आणि नळी मॅनिफोल्डशी जोडलेली असल्यास त्याच फटीतून चोरटी हवाही शिरते. दोन दोष एकाच जागी. डिस्ट्रिब्युटरमधील वजनांचे स्प्रिंग सैल पडले असतील, तर वेग वाढताच ठिणगी अधिक लवकर पडते आणि तिच्यामुळे वेग आणखी वाढतो. डबीची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) इंजिनाच्या फिरत्या चाकावरची खूण पाहावी: स्थिर वेगाला खूण नाचत असेल, तर कार्बुरेटरला हात लावू नये.

एक कारण मात्र गाडीत नसून टाकीत असते. इथेनॉलच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनच असतो, त्यामुळे १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला १४.७ ऐवजी सुमारे १४.१ भाग हवा पुरते, आणि २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेले जेट तेच राहिले, तर इंजिन अनुक्रमे ४ आणि ८ टक्क्यांनी कोरडे चालते; आधीच काटकसरीने जेट बसवलेल्या गाडीला एवढे पुरेसे असते. आयडलचा मिश्रण-स्क्रू फिरवून उभी गाडी सुरळीत करता येते, पण अनेक कार्बुरेटरांत तो स्क्रू संक्रमणाच्या छिद्रांवर अधिकार चालवत नाही. तेव्हा फटी नाहीत, जेट स्वच्छ आहे, टायमिंग योग्य आहे आणि तरीही चोक किंचित ओढल्यावरच गाडी शांत चालते असे ठरले, तर आयडल जेट एका मापाने मोठा घालणे हाच उपाय उरतो.